अनामिकेचा छळ

अंगठ्याची किंमत आपल्याला द्रोणाचार्यांपासून ठाऊक आहे. युरोपातल्या वादकांना मात्र ती फार उशिरा कळली. थोरल्या बाखच्या लहानपणी भलेभले वादक अगदीच लांबची पट्टी गाठायची असली तरच अंगठा वापरत. एरवी तो आपला हवेत. बाखच्या मुलानं, कार्ल फिलिप इमान्युएलनं, १७५३ साली ग्रंथ लिहून अंगठ्याला इतर बोटांच्या पंगतीत बसवलं.

अंगठ्याचं भलं झालं, पण पुढे वाईट दिवस आले ते अनामिकेचे. त्याचं कारण खुद्द पियानो. आपल्या पेटीत आवाज लहानमोठा करतो तो भाता, त्यामुळे बोटांचं दुबळेपण झाकून जातं. फ्लॉरेन्सच्या क्रिस्तोफोरीनं १७०० च्या सुमारास पियानो बनवला, त्यात मात्र पट्टी दाबली की हातोडी तारेवर बसते. बोट जोरात पडलं तर मोठा सूर, हळू पडलं तर हळू. म्हणजे कुठलं बोट कच्चं, ते चारचौघांत ऐकू येणार! आणि अनामिका जात्याच परावलंबी. विश्वास नसेल तर तळहात टेबलावर ठेवा, मधलं बोट आत मुडपा आणि अनामिका उचलून दाखवा. नाही ना उचलत?

एकोणिसाव्या शतकातल्या मास्तरांनी ठरवलं, पाची बोटं सारखी झालीच पाहिजेत. १८१४ साली लोजिए नावाच्या गृहस्थानं हात अडकवण्याच्या यंत्राचं पेटंट घेतलं. पॅरिसच्या काल्कब्रेनरनं त्यातला एक दांडा ठेवला आणि मनगट त्यावर टेकवून वर्तमानपत्र वाचत रियाज करा, असा सल्ला दिला. अग्रलेख वाचताना बोटं आपोआप चालतात, हे खरंच असावं. डोकं नाहीतरी मोकळंच असतं.

पण हा सगळाच हसण्याचा मामला नव्हता. रॉबर्ट शूमाननं विशीतच बोटासाठी असलंच काही यंत्र वापरलं आणि १८३२ पर्यंत उजव्या हाताचं मधलं बोट निकामी झालं. दोष यंत्राचा की दुखण्याचा, यावर डॉक्टर अजून भांडताहेत. उपचार काय, तर नुकत्याच मारलेल्या जनावराच्या आतड्यांत हात बुडवून बसायचं! बोट काही सुधारलं नाही. पुढे त्यानं लिहिलेलं संगीत मैफलीत वाजवलं ते बायकोनं, क्लारानं.

त्याच सुमारास एकवीस वर्षांचा शोपँ पॅरिसला आला. काल्कब्रेनर म्हणाला, तीन वर्षं माझ्याकडे शीक. शोपँनं शिकवणी नाकारली आणि आपला ई मायनर कॉन्चेर्टो त्यालाच अर्पण केला. इतका सभ्य नकार सदाशिव पेठेतही मिळायचा नाही. शोपँचं म्हणणं असं की, बोटं निसर्गानंच वेगळी केलीत. प्रत्येकाचा सूर वेगळा, तो मोडता कशाला? शिष्यांना तो आधी बी मेजर शिकवी, कारण त्यात लांब बोटं आपसूक काळ्या पट्ट्यांवर बसतात. नुसत्या पांढऱ्या पट्ट्यांची सी मेजर, जी सगळे मास्तर सोपी म्हणून पहिली देतात, ती त्याच्या मते सगळ्यांत अवघड! आणि रियाज? दिवसाला तीन तास, पुष्कळ झाले.

हे सगळं पुस्तकात घालायचं त्याच्या मनात होतं. १८४९ साली तो गेला, तेव्हा हाती लागली काही टिपणं. उलट हॅनननं १८७३ साली साठ धडे छापले, तासाभरात सगळे वाजवून होतात म्हणे. आमच्या खालच्या मजल्यावरच्या पियानोच्या बाई तेच शिकवतात. पहिला धडा आता मलाही पाठ आहे.