पूर्वप्राथमिक वयातील मुलांशी संवाद

पूर्वप्राथमिक वयातील मुलांशी संवाद म्हणजे साधारणपणे ३ ते ६ वर्षे वयाच्या मुलांशी पालक, अंगणवाडी सेविका किंवा बालवाडी शिक्षिका यांनी केलेले असे बोलणे, ज्यात मूल स्वतःचा विचार मांडते आणि त्याच्या उत्तरावरून पुढचे बोलणे ठरते. "हात धू", "चप्पल घाल" यांसारख्या सूचनांपासून आणि रंग किंवा आकडे ओळखायला लावणाऱ्या प्रश्नांपासून तो वेगळा मानला जातो.

स्वरूप

अशा संवादाची तीन प्रमुख अंगे सांगितली जातात. पहिले अंग खुल्या प्रश्नांचे. "हा ट्रक कोणत्या रंगाचा?" या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात संपते, "हा ट्रक इतका वेळ का थांबला असेल?" या प्रश्नासाठी मुलाला कारण शोधावे लागते. दुसरे अंग विस्ताराचे. मूल "बाबा कंपनी" म्हणाले, तर "हो, बाबा कंपनीत गेले. आज त्यांची रात्रपाळी आहे. मग ते घरी कधी येतील?" असे उत्तर चूक न दाखवता पूर्ण वाक्याचा नमुना देते. तिसरे अंग थांबण्याचे. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ मेरी बड रो यांना प्राथमिक वर्गांतील निरीक्षणांत असे आढळले की, प्रश्नानंतर शिक्षक सरासरी सुमारे एकच सेकंद थांबतात. हा अवधी तीन सेकंदांपर्यंत वाढवल्यास मुलांची उत्तरे लांब व अधिक विचारपूर्ण होतात.

संशोधन

रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह वायगॉट्स्की (१८९६–१९३४) यांच्या मते मुलाचा विचार इतरांशी होणाऱ्या बोलण्यातून घडतो. बेटी हार्ट व टॉड रिस्ली यांनी १९९५ मध्ये ४२ अमेरिकन कुटुंबांच्या अभ्यासावरून मुलांच्या कानी पडणाऱ्या शब्दसंख्येतील तफावतीकडे लक्ष वेधले. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ४ ते ६ वर्षांच्या ३६ मुलांवरील अभ्यासात मात्र ऐकलेल्या शब्दांच्या संख्येपेक्षा संवादाच्या आळीपाळीचा मेंदूतील भाषाविषयक क्रियेशी अधिक संबंध दिसला.

महाराष्ट्रातील परंपरा

ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनी भावनगर येथे गिजुभाई बधेका यांच्यासोबत बालशिक्षणाचे कार्य केले. १९४५ मध्ये त्यांनी बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले. तेथे अनुताई वाघ त्यांच्या सहकारी झाल्या. १९५७ मध्ये हे कार्य कोसबाड येथे गेले. आदिवासी मुले शाळेत येत नाहीत, हे पाहून शाळाच त्यांच्या अंगणात नेण्यात आली. महागड्या साधनांऐवजी बिया, पाने, शंख-शिंपले व खडे वापरले गेले. त्यामुळे बोलण्याचा विषय मुलाच्या ओळखीच्या परिसरातूनच मिळू लागला.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बाल विकास सेवा योजनेत ३ ते ६ वर्षे वयोगटासाठी अनौपचारिक पूर्वप्राथमिक शिक्षणाचा समावेश आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार ३ ते ८ हा वयोगट पायाभूत स्तर मानला जातो आणि शक्य तेथे घरच्या भाषेतून शिकवण्यावर भर दिला जातो.

औद्योगिक वस्त्यांतील संदर्भ

पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दीतील तळवडे येथे लघुउद्योग व सॉफ्टवेअर पार्क असून हा भाग चाकण औद्योगिक पट्ट्याशी जोडलेला आहे. अशा परिसरात मराठीच्या विविध बोलींबरोबर हिंदी व इतर भाषा बोलणारी कामगार कुटुंबे राहतात. पाळ्यांमुळे पालक आणि मूल जागे असण्याच्या वेळा अनेकदा जुळत नाहीत. त्यामुळे वेगळा वेळ काढण्यापेक्षा भाजी निवडणे, डबा भरणे, कपडे वाळत घालणे अशा नित्याच्या कामांतील बोलणे येथे अधिक शक्य ठरते. पालकांनी त्यासाठी स्वतःची भाषा सोडण्याची आवश्यकता नसते; घरच्या भाषेत पक्की झालेली समज व कथनक्षमता पुढे शाळेची भाषा शिकताना उपयोगी पडते.

टीका आणि मर्यादा

हार्ट व रिस्ली यांच्या अभ्यासावर नमुना लहान असल्याची आणि गरीब कुटुंबांच्या बोलण्याला उणे लेखल्याची टीका झाली आहे. नंतरच्या एका अभ्यासात आजूबाजूच्या सर्व माणसांचे बोलणे मोजल्यावर कुटुंबांतील चित्र बरेच वेगळे दिसले. आजी-आजोबा, भावंडे व शेजारी यांच्याशी होणारे बोलणे त्यामुळे महत्त्वाचे ठरते. सतत प्रश्न विचारल्यास संवादाला तोंडी परीक्षेचे रूप येते, हाही आक्षेप घेतला जातो. पोषण आहार, नोंदी व सर्वेक्षणे सांभाळणाऱ्या अंगणवाडी सेविकेला प्रत्येक मुलाशी स्वतंत्रपणे बोलण्यास मिळणारा वेळ मर्यादित असतो. म्हणून हा प्रश्न केवळ पालकांच्या जाणिवेचा नसून कामाच्या वेळा व मनुष्यबळाचाही आहे.

हेही पहा

अंगणवाडी
ताराबाई मोडक
अनुताई वाघ
गिजुभाई बधेका