लहान मोटारीचा घरगुती शृंगार

स्वस्त वस्तूनें गरज भागते, हौस भागत नाहीं. शेजाऱ्याच्या दारीं तीच वस्तु त्याच रंगरूपानें उभी दिसली, म्हणजे आपल्या वस्तूंत आपलें असें कांहीं तरी असावें ही इच्छा मनुष्याला स्वस्थ बसूं देत नाहीं. घरच्या घरीं मोटारीचें रूप पालटणाऱ्यांस रिकामटेकडे म्हणणारे लोक आम्हांस पुष्कळ भेटतात. त्यांच्यासाठीं इंग्लंडांतील ऑस्टिन सेव्हन ह्या चिमुकल्या गाडीची हकीकत येथें देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

सर हर्बर्ट ऑस्टिन यांनीं स्टॅन्ले एज ह्या अवघ्या १८ वर्षांच्या नकाशेकारास हाताशीं धरून ह्या गाडीचा आराखडा आपल्या राहत्या घरीं तयार केला, व १९२२ सालीं ती लोकांपुढें आली. मोटारसायकलीच्या बाजूगाडींत बायकामुलांस बसवून नेणाऱ्या मध्यम स्थितीच्या गृहस्थास खरीखुरी मोटार मिळावी, हा हेतु. पुढच्या व मागच्या चाकांमधील अंतर सव्वासहा फूट. एंजिन प्रथम ६९६ व लवकरच ७४७ घनसेंटिमीटरांचें. १९३९ पर्यंत अशा सुमारें २,९०,००० गाड्या निघाल्या.

आमच्या विषयाच्या दृष्टीनें महत्त्वाची गोष्ट ही, कीं हिचा सांगाडा व वरची पेटी हीं दोन वेगळीं होतीं. इंग्रजी ‘ए’ अक्षराच्या आकाराच्या पोलादी सांगाड्यावर एंजिन व चाकें बसविलेलीं असत. बोल्ट काढून पेटी उचलली, तरी मोटारीचा जीव खालीं शाबूत राही. तिला नवें वस्त्र नेसविण्यास मोठ्या कारखान्याची गरज नव्हती.

ही सोय प्रथम धंदेवाल्यांनीं हेरली. ब्लॅकपूल येथें विल्यम लायन्स व विल्यम वॉम्स्ली हे १९२२ पासून बाजूगाड्या बनवीत असत. १९२७ सालीं त्यांनीं ह्याच सांगाड्यावर गोलसर, दुरंगी पेटी चढवून ‘स्वॅलो’ नांवानें ती विकण्यास आरंभ केला. यंत्र तेंच, रूप मात्र श्रीमंताघरचें! ह्याच उद्योगांतून पुढें जॅग्वार उदयास आली, व २००८ सालीं ती मुंबईच्या टाटा मोटर्सनें विकत घेतली.

दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडांतील नव्या गाड्या मुख्यतः निर्यातीकडे वळल्या. तेव्हां जुनी सेव्हन स्वस्तांत घेऊन तरुण मंडळी तिची पेटी उतरवूं लागली. लांकडी चौकट उभारावी, तीवर ॲल्युमिनियमचा पत्रा ठोकावा, मडगार्ड कापावे, बैठक खालीं घ्यावी, असा हा क्रम. परंतु बैठक खालीं गेली कीं स्टिअरिंगचा दांडाही खालीं घ्यावा लागे. आणि गाडीला वेग आला कीं तिच्या मुळच्या ब्रेकांचें दुबळेपण ध्यानांत येई. अशा रीतीनें शोभेपासून निघालेला मनुष्य नकळत यंत्रशास्त्राच्या दारीं येऊन पोंचे. कॉलिन चॅपमन ह्यानें विद्यार्थिदशेंत लंडनमधील एका घरामागच्या गॅरेजांत जुन्या सेव्हनवर प्लायवुड व ॲल्युमिनियमची पेटी बांधली. १९४८ सालची ती गाडी म्हणजेच पहिली लोटस.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. अशा खास गाड्या होतांना कित्येक साध्या, कौटुंबिक गाड्या कायमच्या मोडल्या गेल्या. जुनें जपावें असें मानणाऱ्यांस ह्याची हळहळ वाटते, व ती आम्हांस समजते. तरीही एखाद्या सामान्य मनुष्यानें रविवारच्या सुटींत हातानें ठोकलेला वेडावांकडा पत्रा हाही इतिहासच होय, असें आमचें मत आहे.

अलेक इसिगोनिस ह्यानेंही तरुणपणीं एका मित्रासह अशीच एक हलकी गाडी हातानें घडविली होती. पुढें त्यानेंच आंखलेली मिनी १९५९ सालीं आली. तींत सांगाडा व पेटी एकजीव होतीं. अशी बांधणी सर्वत्र रूढ झाली, आणि घरगुती कारागिराच्या वांट्यास बहुधा रंग, पट्टे व चाकांचीं झांकणेंच उरलीं. त्याच्या हौसेस हंसण्यापूर्वीं एवढें आठवावें, कीं जेथें वस्तूचे सांधे उघडे होते, तेथें ह्याच हौसेंतून जॅग्वार व लोटस जन्मास आल्या.