फुटपाथ कोणाचा?

फुटपाथवर मोटारी उभ्या असतात, म्हणून अम्मीला दवाखान्यात नेताना मला तिचा हात धरून भर रहदारीत उतरावे लागते. अशा वेळी मुंबईचाच जुना खटला आठवतो. जुलै १९८१ मध्ये, ऐन पावसाळ्यात, मुख्यमंत्री बॅ. अंतुले यांनी फुटपाथवरील झोपड्या हटवण्याचे जाहीर केले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १९८५ च्या ओल्गा टेलिस निकालाने उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कातच धरला. पण फुटपाथ सर्वांच्या वापरासाठी आहे, कोणाच्या खाजगी वापरासाठी नाही, असेही बजावले. पुढे १९८९ च्या वाहतूक नियमांनी फुटपाथवर वाहन उभे करण्यास मनाई केली. पायी चालणाऱ्यांच्या नावाने गरिबाची झोपडी हटते, मग मोटार का हटत नाही?