पाखडलेलं चित्र

मराठीत 'झेरॉक्स' म्हणजे नक्कल. हुबेहूब, कानामात्रेचाही फरक नसलेली. त्यामुळे २०१३ साली जे उघडकीला आलं, ते आपल्याला इतरांपेक्षा जरा जास्तच मजेशीर वाटायला हवं. डेव्हिड क्रीझेल या जर्मन संगणकतज्ज्ञाने दाखवून दिलं, की खुद्द झेरॉक्स कंपनीची काही यंत्रं स्कॅन करताना चक्क आकडे बदलत होती! एका घराच्या नकाशात तीन खोल्यांची क्षेत्रफळं वेगवेगळी लिहिलेली होती. नकलेत तिन्ही खोल्यांवर एकच आकडा आला, १४.१३. पुसट नाही, डाग नाही. स्वच्छ, ठळक आणि चूक.

कारण साधं होतं. जागा वाचवण्यासाठी यंत्र कागदावरचे सारखे दिसणारे आकार शोधायचं, त्यातला एकच साठवायचं आणि बाकीच्या ठिकाणी त्याचाच छाप मारायचं. बारीक टायपातले ६ आणि ८ त्याला सारखेच वाटले. पुढे कंपनीने सॉफ्टवेअर दुरुस्त करून दिलं, ते असो. पण या निमित्ताने एक गोष्ट लक्षात येते. संगणकातलं चित्र म्हणजे वस्तूची नक्कल नव्हेच. ते पाखडलेलं असतं. सूप कुणाच्या हातात आहे आणि फोलपट कशाला म्हणायचं, एवढाच प्रश्न.

ही पाखडणी पहिल्या दिवसापासूनची आहे. १९५७ साली अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्स या संस्थेत रसेल किर्श यांनी आपल्या तीन महिन्यांच्या मुलाचा, वॉल्डेनचा, फोटो एका फिरत्या नळकांड्यावर लावला आणि त्याचे ठिपके संगणकात घेतले. फोटो जेमतेम ५ सेंटिमीटरचा. एका बाजूला १७६ ठिपके, म्हणजे एकूण ३०,९७६. आपली ठिपक्यांची रांगोळीच, फक्त जरा मोठी. प्रत्येक ठिपक्याला एकच प्रश्न: काळा की पांढरा? मधल्या सगळ्या करड्या छटा गेल्या. मग त्यांनी काळ्या-पांढऱ्याची सीमा बदलून तोच फोटो पुन्हा पुन्हा स्कॅन केला आणि ती चित्रं एकत्र करून थोड्या छटा परत मिळवल्या. ठिपके चौकोनी ठेवल्याबद्दल मात्र किर्श यांना उतारवयातही हळहळ वाटत असे. वयाच्या ऐंशीनंतर ते वेगवेगळ्या आकारांचे ठिपके वापरायची पद्धत शोधत होते. २०२० साली ते गेले.

पाखडण्याची खरी रीत सापडली ती मात्र नासिर अहमद यांना. जन्म १९४० चा, बंगळूरचा. शिक्षणही आधी तिथेच आणि मग अमेरिकेत. कॅन्सास स्टेट युनिव्हर्सिटीत शिकवत असताना १९७२ मध्ये त्यांनी तिथल्या नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे पैसे मागितले. कोसाइनच्या लाटा वापरून चित्र आटोपशीर करता येईल का, हे त्यांना तपासायचं होतं. अर्ज नामंजूर झाला. एका परीक्षकाला ती कल्पना फारच सोपी वाटली, असं अहमद यांनीच नंतर लिहून ठेवलंय. (सोप्या गोष्टीला किंमत नाही, हे सगळीकडे सारखंच!) त्यांनी काम थांबवलं नाही. त्यांचे विद्यार्थी टी. नटराजन आणि टेक्सासमधले के. आर. राव यांच्याबरोबर लिहिलेला त्यांचा निबंध जानेवारी १९७४ मध्ये छापून आला. निबंध मोजून चार पानांचा.

कल्पना अशी. चित्राचे ८ बाय ८ ठिपक्यांचे चौकोन करायचे. चौकोनातले ६४ आकडे जसेच्या तसे न ठेवता ६४ लाटांच्या भाषेत सांगायचे: संथ लाट किती, बारीक थरथर किती. आकाश, गाल, भिंत अशा ठिकाणी संथ लाटाच सगळं काम करतात, थरथर जवळजवळ शून्य. ती ढोबळ करून टाकली तर डोळ्याला पत्ताही लागत नाही.

१९९२ साली आलेलं जेपेग याच पायावर उभं आहे. त्यात आणखी एक युक्ती. आपला डोळा उजेड-अंधाराचे बारकावे नीट टिपतो, रंगाचे तितके नाही. म्हणून उजेड पूर्ण ठेवायचा आणि रंग बहुतेक वेळा चार ठिपक्यांत मिळून एकदाच नोंदवायचा. रंगीत टीव्हीही याच तत्त्वावर चालायचा. १९८२ च्या एशियाडच्या वेळी आपल्याकडे रंगीत चित्र आलं, तेव्हाही रंग असा काटकसरीनेच येत होता आणि कुणाची तक्रार नव्हती. १.२ कोटी ठिपक्यांचा फोटो कच्चा ठेवला तर साधारण ३६ एमबी होतो. जेपेगमध्ये तो चार-पाच एमबीत मावतो. नातेवाइकांच्या ग्रुपवर लग्नाचे दोनशे फोटो येऊन पडतात, ते या चार पानांच्या जिवावर.

पण हे सूप चेहऱ्यांसाठी विणलेलं आहे, अक्षरांसाठी नाही. पांढऱ्या कागदावरची काळी रेघ म्हणजे निव्वळ थरथर. तीच टाकली की अक्षराभोवती धुरकट किटाळ उठतं, आणि अनुस्वारासारखा बारीक ठिपका आहे की कागदावरचा डाग, ते कळेनासं होतं. तरीही मला जेपेग प्रामाणिक वाटतं. ते चुकलं की धूसर होतं, आपल्याला दिसतं. त्या आकडे बदलणाऱ्या यंत्राचा दोष निराळा होता: टाकलेल्या जागी त्याने दुसरंच काही नीटनेटकं आणून बसवलं आणि सांगितलं नाही. आजचे काही फोन फोटोतला नसलेला तपशील अंदाजाने भरून देतात, तेव्हा मला तो १४.१३ आठवतो. धूसर आजोबा चालतील. अंदाजाने रेखीव केलेले आजोबा कुणाचे म्हणायचे?

म्हणून घरातली जुनी पत्रं, दस्त, जन्मटिपणं स्कॅन करणाऱ्यांना एक विनंती. मूळ प्रत काहीही न गाळणाऱ्या टिफ किंवा पीएनजीमध्ये ठेवा. वाटायला जेपेग खुशाल करा, पण तेच उघडून, बदलून पुन्हा पुन्हा सेव्ह करू नका; दर वेळी थोडं आणखी पाखडलं जातं. आणि स्कॅन झालं म्हणून कागद रद्दीत देऊ नका. पुढे कुणाला एखाद्या आकड्याची शंका आली, तर विचारायला तोच उरणार आहे.