अंगणातील पाण्याचा निचरा (ऐरोली)

अंगणातील पाण्याचा निचरा म्हणजे घराभोवतीच्या मोकळ्या जागेत साचणारे पाणी वाहून नेण्याची अथवा जमिनीत मुरवण्याची व्यवस्था होय. नवी मुंबईतील ऐरोली या ठाणे खाडीकाठच्या उपनगरात बैठ्या घरांच्या व रो-हाउसच्या अंगणांपुढे हा प्रश्न दर पावसाळ्यात उभा राहतो. येथे तो केवळ उताराचा नसून खाडीच्या भरती-ओहोटीशीही निगडित आहे.

पार्श्वभूमी

ऐरोलीच्या पूर्वेस पारसिकच्या टेकड्या व पश्चिमेस खाडी आहे. त्यामुळे डोंगरउताराचे पाणी सखल भागातूनच खाडीकडे जाते. १७ मार्च १९७० रोजी स्थापन झालेल्या सिडकोने नवी मुंबई वसवताना खाडीलगतच्या सखल जमिनीवर भराव घातला. कोकणात खारजमिनीच्या बांधांना उघाड्या ठेवण्याची जुनी रीत आहे: भरतीच्या दाबाने उघाडीची झडप मिटते आणि ओहोटीला शेतातील पाणी बाहेर पडते. नवी मुंबईतील धारण तलाव हे याच तत्त्वाचे मोठे रूप मानता येईल. भरतीच्या वेळी पावसाचे पाणी या तलावांत थांबते व ओहोटीला खाडीत जाते. तलावांत गाळ साचला आणि खारफुटी वाढली, तर त्यांची धारणक्षमता घटते. खारफुटीला कायद्याचे संरक्षण असल्याने गाळ काढणेही सोपे राहत नाही.

अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास येणाऱ्या उधाणाच्या भरतीत मुसळधार पाऊस झाल्यास सखल भागातील पावसाळी गटारे तुंबतात. अशा वेळी अंगणातील नाली कितीही नेटकी असली तरी तिच्यातील पाणी पुढे सरकत नाही.

कारणांची पारख

उपायापूर्वी पाणी कोठून येते हे पाहणे आवश्यक ठरते. ओहोटीनंतर काही तासांत ओसरणारे पाणी गटारातील तुंबाऱ्याचे असण्याचा संभव असतो. पाऊस थांबून दोन-तीन दिवस झाले तरी जमीन चिखलट राहत असेल, तर दोष मातीत किंवा भूजलपातळीत असतो. याची साधी परीक्षा म्हणजे ऑगस्टमध्ये सुमारे एक मीटर खोल खड्डा घेणे. त्यात पाऊस नसतानाही खालून पाणी भरले, तर तेथे शोषखड्डा करणे व्यर्थ होय. खाडीच्या चिकणमातीत सोडियमचे प्रमाण अधिक असते. तिचे कण विखुरतात, छिद्रे बुजतात व पाणी मुरत नाही. जिप्समने ती सुधारते, परंतु सुटलेले क्षार वाहून जाण्यास वाट असेल तरच. तिसरे कारण रस्त्याचे: डांबराचे थर चढत गेल्याने रस्ता वर जातो आणि जुने अंगण वाटीसारखे खाली राहते.

उपाय

पहिला उपाय पागोळ्यांचा. १ चौ.मी. छपरावर १ मिमी पाऊस पडला की १ लिटर पाणी होते, ६० चौ.मी. छपरावर १०० मिमी पावसाचे ६,००० लिटर. याउलट १ मीटर लांब, १ मीटर रुंद व १.५ मीटर खोल दगडगोट्यांच्या शोषखड्ड्यात एका वेळी जेमतेम ६०० लिटर मावते. म्हणून छपराचे पाणी पन्हळीने व नळाने थेट पावसाळी गटारात नेणे, किंवा टाकीत साठवणे, अधिक शहाणपणाचे. ते मलवाहिनीला जोडू नये. तिच्यावर भार येऊन मैलापाणी घरात उलटते.

जोत्यापासून बाहेर दर मीटरला किमान २ सेंमी उतार असावा. पाणी झिरपणाऱ्या जागी खडीचा चर काढून त्यात सच्छिद्र नळ घालतात व खडीभोवती जिओटेक्स्टाईल कापड गुंडाळतात. कापड नसल्यास गाळाने चर लवकर बुजतो. संपूर्ण अंगणावर सिमेंट ओतणे हा सर्वांत लोकप्रिय व बहुधा सर्वांत वाईट उपाय आहे, कारण मुरू शकणारे थोडे पाणीही त्यामुळे वाहते होते. मुरुमाचा भराव घालून आपलेच अंगण उंचावल्यास पाणी शेजाऱ्याकडे वळते. रो-हाउसच्या रांगेत हे कलहाचे कारण ठरते. शक्य तेथे सलग घरांनी सामाईक नाली काढणे इष्ट.

जी जागा ओलीच राहणार, तेथे अळू, कर्दळ, केवडा अशी पाणी सोसणारी झाडे लावता येतात. केळीला ओल मानवते, पण मुळांशी तुंबलेले पाणी नाही.

आरोग्य

डबक्यातील अॅनोफिलीस डासांमुळे हिवताप पसरतो. डेंग्यूचा एडिस डास मात्र कुंड्यांच्या ताटल्या, टायर, पिंपे यांतील स्वच्छ पाणी पसंत करतो. अंड्यापासून डास होण्यास साधारण आठवडा लागत असल्याने ही भांडी आठवड्यातून एकदा रिकामी करून कोरडी ठेवतात. तुंबलेल्या पाण्यात उंदरांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू येऊ शकतात. पायाला जखम असता अशा पाण्यात उतरणे टाळावे, आणि उतरल्यानंतर ताप आल्यास डॉक्टरांना ते आवर्जून सांगावे.