सातबाऱ्यावरचा बंडिंग बोजा

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांच्या पूर्व पट्ट्यातले जुने सातबारा उतारे गेली काही वर्षे मी जमेल तसे पाहतो आहे. ‘इतर हक्क’ या रकान्यात सोसायटीच्या कर्जाखाली पुष्कळदा एक ओळ आढळते : ‘बंडिंग बोजा’. पुढची रक्कम आज चहापाण्यालाही पुरू नये अशी. मृदसंधारणाच्या सरकारी मदतीचा इतिहास लिहिणारे बहुधा योजनांची नावे मोजतात. मला वाटते, तो या रकान्यातून वाचावा.

इंग्रजी अमलात मदत म्हणजे कर्जच होते. 1883 च्या जमीन सुधारणा कर्ज कायद्याने विहिरीसाठी, ताली घालण्यासाठी तगाई मिळे. ती मागायची की नाही, हे निदान शेतकरी ठरवी. 1942 च्या मुंबई जमीन सुधारणा योजना कायद्याने हा क्रम उलटवला. आता योजना सरकार आखणार, बांध सरकार घालणार आणि खर्चातला काही भाग सोसून उरलेला जमीनधारकाकडून वसूल करणार. वसुली थकली की ती जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी. म्हणजे एका हाताने अनुदान आणि दुसऱ्या हाताने बोजा!

या बांधांचे शास्त्र 1933 च्या सुमारास सोलापूर-विजापूरकडे सुरू झालेल्या कोरडवाहू संशोधनातून आले. बांध समपातळीवर हवा, हे शास्त्र म्हणून बरोबरच. पण समपातळी रेषा भाऊहिश्श्याची हद्द ओळखत नाही. ती एकाचे वावर तिरके कापते, औताला फेर पडतो, भारी काळ्या रानात बांधालगत पाणी तुंबते. मग शेतकरी बांध फोडी. अहवालांनी याला अडाणीपणा म्हटले. मी तसे म्हणणार नाही. ज्याच्या नावावर बोजा, त्याला बांध कुठून जावा हे विचारलेच नव्हते. आणे पठारासारख्या किंवा लोणी-धामणीसारख्या अवर्षणी भागात मातीची आणि ओलीची गरज काय कमी होती? नको होती ती रेघ.

याच तालुक्यांच्या पश्चिमेला, भीमाशंकराच्या बाजूच्या धुवाधार पावसात, महादेव कोळी शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या उतारावर दगडी बांध रचून भातखाचरे पाडत आले. एकमेकांच्या रानात मिळून राबायच्या या रीतीला पडकई म्हणतात. तिथे बांधाची जागा तोच ठरवी, ज्याला त्याखाली भात लावायचा असे. हिशेब श्रमाचा असल्याने सातबाऱ्यावर अक्षरही नाही! डिंभे धरणात घोड नदीकाठची भातशेती बुडाल्यावर वरच्या उतारांची ही खाचरे आणखी मोलाची झाली. कुसुम कर्णिक आणि आनंद कपूर यांच्या ‘शाश्वत’ संस्थेने पडकईला सरकारी पैसा मिळावा यासाठी चिकाटीने पाठपुरावा केला (संस्थेला 2012 मध्ये संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला). पुढे कृषी खात्याने ‘पडकई विकास कार्यक्रम’ याच नावाने योजना आणली.

मधल्या काळात पूर्वेकडेही चित्र पालटले होते. 1972 च्या दुष्काळानंतर रोजगार हमीने बांधबंदिस्तीचा पैसा मजुरी म्हणून दिला. 1990 च्या सुमारास हमीला जोडून फळबाग अनुदान आले. ही रक्कम परत करायची नव्हती. पण जुने बोजे तसेच राहिले. वाटणी झाली की दोन्ही भावांच्या उताऱ्यांवर तीच ओळ उतरे. बँकेत किंवा खरेदीखताच्या वेळी तीच आडवी येई. ज्या बांधासाठी ती लिहिली, त्याचा मागमूसही अनेक ठिकाणी उरलेला नाही.

2025 मध्ये ‘जिवंत सातबारा’ मोहिमेच्या दुसऱ्या टप्प्यात तगाई आणि बंडिंगचे असे कालबाह्य बोजे कमी करायला शासनाने घेतले. उशिरा का होईना, हे योग्यच. मात्र ज्यांच्या उताऱ्यावर ही ओळ असेल, त्यांनी अर्ज देण्याआधी जुना उतारा आणि त्यात नोंदवलेला फेरफार यांच्या नकला काढून ठेवाव्यात. आपल्या कोणत्या गटात कधी बांध पडला होता, याचा घरात राहील असा कागद बहुधा तेवढाच आहे.