गिगाहर्ट्झ सगळे विचारतात, व्होल्टेज कुणी विचारत नाही

सिम्युलेशनसाठी पीसी घेताना आपण गिगाहर्ट्झ बघतो. पण प्रोसेसरचा इतिहास समजून घ्यायचा, तर व्होल्टेज बघा.

हिशेब सोपा आहे. प्रोसेसरला लागणारी वीज साधारणपणे फ्रिक्वेन्सीच्या आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग तोच ठेवून १.३० चे १.२० व्होल्ट केले, तर सुमारे १५ टक्के वीज वाचते आणि तेवढी उष्णताही. पनवेलच्या मे महिन्यात हा फरक जाणवतो!

१९७४ मध्ये रॉबर्ट डेनार्ड आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की ट्रान्झिस्टर लहान करताना व्होल्टेजही त्याच प्रमाणात उतरवलं, तर चिप जास्त तापत नाही. १९९३ चा पेंटियम ५ व्होल्टवर चालायचा, १९९४ चा ३.३ वर. १९९८ चा सेलेरॉन ३००ए तर २ व्होल्टवर. त्याच्या बसचा वेग ६६ वरून १०० मेगाहर्ट्झ केला, की ३०० चा प्रोसेसर ४५० वर पळायचा. हौशी लोकांनी ओव्हरक्लॉकिंग डोक्यावर घेतलं ते तेव्हा.

मग गाडी अडली. व्होल्टेज आणखी उतरवलं, की 'बंद' ट्रान्झिस्टरमधूनही वीज गळू लागते. २००४ मध्ये इंटेलने ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ रद्द केला. पुढची वाट होती कमी वेगाचे, पण पुष्कळ कोअर. पुण्याच्या सी-डॅकने २०१३ मध्ये उभारलेला ५२४ टेराफ्लॉप्सचा 'परम युवा २' याच वाटेवरचा. त्यातल्या झिऑन फाय कार्डांवर ६० कोअर होते आणि वेग जेमतेम १ गिगाहर्ट्झ.

आता संशोधकाच्या कामाची गोष्ट. व्होल्टेज फार कमी झालं, तर पीसी बंद पडेलच असं नाही. तो गपचूप चुकीचं उत्तरही देऊ शकतो. २०१९ च्या 'प्लंडरव्होल्ट' संशोधनात इंटेलच्या प्रोसेसरचं व्होल्टेज मुद्दाम उतरवून साध्या गुणाकारातही चुका घडवून दाखवल्या गेल्या. त्यानंतर इंटेलने ती सेटिंग कुलूपबंद करण्याची सोय दिली.

म्हणून व्होल्टेज १०-१० मिलिव्होल्टने उतरवा. प्रत्येक पायरीवर प्राइम९५ चालवा आणि उत्तर आधीच माहीत असलेलं एखादं गणित पुन्हा सोडवून ताडून बघा. पहिली चूक दिसली की दोन पायऱ्या वर या. आणि प्रबंधातले आकडे काढायचे असतील, तेव्हा सरळ कंपनीचीच सेटिंग ठेवा. तापमान दहा अंशांनी उतरलं, पण निकालावरचा भरवसा गेला, तर काय मिळवलं?